कॅप पिवळी पडली तर चहाला आरोपी करू नका

समोरच्या दाताला सिरॅमिकची कॅप बसली की पेशंटला हमखास ऐकवले जाते: चहा-कॉफी कमी करा, नाहीतर डाग पडतील. हा सल्ला चुकीच्या माणसाला दिला जातो, असे माझे ठाम मत आहे.

लिथियम डायसिलिकेट असो की झिरकोनिया, हे पदार्थ भट्टीत भाजून घट्ट झालेले असतात. चहातली रंगद्रव्ये आत मुरायला त्यांत वाटच नसते. कॉम्पोझिट फिलिंगचे तसे नाही. त्यातले रेझिन पाणी शोषते आणि पाण्याबरोबर रंगही ओढते. फिलिंगचा अनुभव कॅपच्या माथी मारला जातो, इथेच गफलत होते.

विरोधी पक्ष प्रयोगांचा दाखला देईल. सिरॅमिकच्या चकत्या कॉफीत बुडवून ठेवल्या की स्पेक्ट्रोफोटोमीटर रंगबदल दाखवतो. दाखवतो खरा. पण त्या चकत्या दिवसचे दिवस बुडालेल्या असतात. तिथे ना लाळ, ना ब्रश. शिवाय रंगफरकाचे माप, म्हणजे डेल्टा ई, साधारण १.२ झाले की निम्म्या बघणाऱ्यांना फरक जाणवतो, आणि २.७ पर्यंत निम्मे लोक तो चालवून घेतात. यंत्राने टिपलेला प्रत्येक बदल आरशात दिसतोच असे नाही. याच प्रयोगांत पुन्हा पुन्हा आढळणारी दुसरी गोष्ट मात्र सोयीस्करपणे वगळली जाते: खरखरीत पृष्ठभाग जास्त डागतो, ग्लेझचा (काचेसारखा चकचकीत थर) किंवा नीट पॉलिश केलेला कमी.

हा खरखरीतपणा येतो कुठून? पुष्कळदा दवाखान्यातूनच. चावताना कॅप उंच लागते, डॉक्टर बर (घासायचे फिरते टोक) फिरवतात, ग्लेझ खरवडला जातो. त्यानंतर रबराच्या पॉलिशरने आणि हिऱ्याच्या पेस्टने ती जागा पुन्हा गुळगुळीत करायला हवी. घाईत तेवढेच राहून जाते. चिनी मातीच्या कपाचा टवका उडाला की डाग तिथेच धरतो, तसे पुढे घडते. आम्लयुक्त फॉस्फेट फ्लोराइडचे जेलही सिरॅमिकचा पृष्ठभाग खरखरीत करते. ज्यांच्या तोंडात कॅप आहे त्यांना न्यूट्रल सोडियम फ्लोराइड द्यावे.

रेझिनमिश्रित 'हायब्रिड' सिरॅमिक बसवले असेल, तर मात्र डागांची भीती खरी आहे, आणि ती पेशंटला आधी सांगितलीच पाहिजे. तसेच पातळ व्हिनियरच्या (दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवलेल्या सिरॅमिकच्या पापुद्र्याच्या) कडेची तपकिरी रेघ बहुधा सिरॅमिकची नसून ते चिकटवणाऱ्या सिमेंटची असते.

म्हणून पेशंटने चहा सोडू नये. डॉक्टरांची कॅप घासून झाली की जीभ फिरवून पाहावी, आणि खरखर लागली तर पॉलिश झाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.