पोराची ब्रँच सायबर कॅफेवाला ठरवणार का?

मंडळी, थोडं लांब लिहितोय. काही जणांना राग येईल, येऊ द्या.

काल संध्याकाळी बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत बातमीच्या प्रिंट काढायला गेलो होतो. तिथे एका मुलाचा पॉलिटेक्निकचा ऑप्शन फॉर्म भरणं चालू होतं. खुर्चीत कॅफेवाला, शेजारी वडील, मागे मामा आणि फोनवर पुण्याचा कोणीतरी चुलतभाऊ. "एक नंबरला कॉम्प्युटर टाका, दोनला एआय, तीनला आयटी." मुलगा कुठे होता? दाराबाहेर, गाडीवर बसून. ज्याची पुढची तीन वर्षं त्या स्क्रीनवर ठरत होती, त्याला कोणी आत बोलावलंसुद्धा नाही.

तो मुलगा आमच्याच गल्लीतला आहे. सातवीपासून सुट्टीत मोटार रिवायंडिंगच्या दुकानात जाऊन बसतो. गेल्या वर्षी आमच्या पाहुण्यांच्या शेतातली कडबाकुट्टीची मोटार ह्यानेच चालू करून दिली. मी वडिलांना म्हटलं, "अहो, ह्याला इलेक्ट्रिकल का नाही?" ते म्हणाले, "वायरमनच करायचं होतं तर एवढं शिकवलं कशाला?"

माझं भांडण ह्या वाक्याशी आहे. हाताला काळं लागलं की शिक्षण वाया गेलं, हे आपल्या डोक्यात कोणी भरलं? आणि वायरमनचा कोर्स आयटीआयचा असतो. इलेक्ट्रिकलची पदविका ही इंजिनिअरिंगची पदविका आहे, तंत्रशिक्षण मंडळाची. वीज कंपन्यांत पदविकाधारकांच्या जागा निघतात तेव्हा बऱ्याच जागांना इलेक्ट्रिकलची पदविका मागतात, तिथे कॉम्प्युटरची चालत नाही. जिल्हा परिषदेत स्थापत्यचा कनिष्ठ अभियंता व्हायचं तर सिव्हिलच लागतं. डिग्री करायची असेल तर डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तो इलेक्ट्रिकलवाल्यालाही मिळतो. आणि आपल्या तालुक्यात शेताशेतात सौरपंप बसतायत. ते बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, एआय?

कॉम्प्युटर वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला तासन्‌तास एका जागी बसून चुकलेलं लॉजिक शोधायला मजा येते, त्याने डोळे झाकून घ्यावं. पण "माझ्या पोराला कॉम्प्युटरची लई आवड आहे" म्हणणाऱ्या दहा पालकांना मी विचारलंय, की तो कॉम्प्युटरवर करतो काय? बहुतेकांचं उत्तर गेम, नाहीतर रील. घरात टीव्ही बघतो म्हणून कोणी टीव्ही मेकॅनिक होत नाही.

पंधरा वर्षांच्या पोराला आवड विचारली की तो मित्राने सांगितलेलं सांगतो. आवड त्याच्या वागण्यात बघावी लागते. न सांगता तो कशात हात घालतो? सायकल खोलतो का? घराचं बांधकाम चालू असताना मिस्त्रीच्या मागे फिरतो का? इंटरमिजिएट चित्रकलेचे वाढीव गुण दहावीच्या टक्केवारीत सगळ्यांना हवे असतात. पण त्या चांगल्या चित्रकलेचा ब्रँच निवडताना कोणी विचार केलाय का? आणि "गणित कच्चं आहे म्हणून सिव्हिल देऊ" म्हणणाऱ्यांनो, पहिल्या वर्षाचं गणित सगळ्या ब्रँचना असतं. तिथे पळवाट नाही.

मुलींचं तर बोलायलाच नको. "मेकॅनिकल? पोरीच्या जातीला?" असं म्हणून विषय बंद.

दुसरा राग आहे तो खासगी कॉलेजांच्या प्रवेश-मोहिमेवर. एप्रिल-मे आला की प्राध्यापक गावोगाव फिरताना दिसतात. त्या बिचाऱ्यांचा दोष नाही, अमुक इतके प्रवेश आणा म्हणून वरून दट्ट्या असतो. पण दहावीच्या मुलांचे मोबाईल नंबर त्यांच्याकडे जातात कुठून? शाळांनी उत्तर द्यावं. मुलाला काय जमतं हे त्या माणसाला माहीत नसतं. कुठली जागा भरायची राहिलीय हे मात्र पक्कं माहीत असतं. त्याला "समुपदेशन" म्हणू नका. त्याला विक्री म्हणतात.

दहा-बारा वर्षांपूर्वी हेच मामा, हेच चुलते म्हणत होते, "मेकॅनिकलला मरण नाही." तेव्हा त्यांचं ऐकून गेलेली काही पोरं आज कुठे आहेत, ते तुम्हीही बघताय. आज बाजारात जे चालतं ते हा मुलगा पास होऊन बाहेर पडेपर्यंत चालेल, ही खात्री कोण देणार? विषय डोक्यात न शिरल्याने वर्ष गेलं, तर ती फी मामा भरणार नाही.

"आवडीने पोट भरतं का?" हा प्रश्न खोटा नाही. कर्ज काढून शिकवणाऱ्या बापाला तो पडणारच, मी त्याची टिंगल करणार नाही. पण नावडीनेही पोट भरत नाही. नापास झालेल्या कॉम्प्युटरवाल्यापेक्षा पास झालेला इलेक्ट्रिकलवाला केव्हाही बरा.

एवढंच करा. मंडळाच्या वेबसाइटवर प्रत्येक ब्रँचचा अभ्यासक्रम फुकट बघायला मिळतो. पहिल्या वर्षाचा नको, तिसऱ्या वर्षाचा उघडा आणि पोराला बोट ठेवून वाचायला लावा. सोलापूर, धाराशिव दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे. एक दिवस मोडून पोराला घेऊन जा, वर्कशॉप दाखवा, तिथल्या दोन पोरांशी बोलू द्या. तुम्ही लांब उभे राहा. आणि फॉर्म भरताना पोराला खुर्चीत बसवा. एक नंबरला टाकलेलं मिळालं की ती जागा घ्यायची, पुढच्या फेरीत बदलू म्हणायला वाव नाही. त्यामुळे पहिली ओळ त्याच्या हातानेच भरली जाऊ दे.

आमच्या गल्लीतल्या त्या पोराचा फॉर्म लाईट गेल्यामुळे काल कन्फर्म झाला नाही. आज रात्री मी त्यांच्याकडे चहाला जाणार आहे. वडील चिडतील, मामा तर बोलणारच नाही. जाऊन येतो.