सिकलसेलची जागतिक परिषद नागपुरात का भरायला हवी?

“डॉक्टर, परदेशात सिकलसेलवर कायमचा इलाज निघालाय म्हणतात. खरं आहे का?”

सिकलसेल असलेल्या मुलांचे आईवडील हल्ली हा प्रश्न हमखास विचारतात. बातमी खरी आहे. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींतील जनुकात बदल करून केल्या जाणाऱ्या उपचाराला २०२३ मध्ये आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने मान्यता दिली. पण तेव्हा अमेरिकेत एका रुग्णासाठी त्याची किंमत होती २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे १८ कोटी रुपये! हे सांगितल्यावर समोरची आई गप्प होते. मला वाटते, तिचा प्रश्न माझ्या दवाखान्यात विरून जाऊ नये, जगभरातल्या तज्ज्ञांसमोर विचारला जावा. म्हणूनच सिकलसेलवरील आंतरराष्ट्रीय परिषद नागपूरमध्ये भरवावी, असे मी सुचवतो आहे.

आधी आजार समजून घेऊ

सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. त्यात हिमोग्लोबिन सदोष असते. त्यामुळे एरवी गोल आणि लवचिक असणाऱ्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य वेदना सुरू होतात. पेशी लवकर फुटत असल्याने रक्त कमी होते, डोळे पिवळे दिसतात. प्लीहा निकामी होत गेल्याने जंतुसंसर्ग पटकन होतो. कित्येक रुग्णांचा ‘वात’ किंवा ‘सांधेदुखी’ म्हणून वर्षानुवर्षे भलताच उपचार चालतो.

नागपूरच का?

पहिले कारण म्हणजे रुग्ण इथे आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि नागपूर या जिल्ह्यांत आदिवासी तसेच अनुसूचित जातींच्या कुटुंबांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. शेजारच्या छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातही तो आहे. या भागातला रुग्ण मोठ्या उपचारांसाठी शेवटी नागपूरलाच येतो.

दुसरे कारण विज्ञानाचे आहे. या आजारावरचे बरेचसे संशोधन अमेरिका आणि युरोपातील आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवर झाले आहे. आपल्याकडच्या सिकलसेल जनुकाचा उगम वेगळा आहे. आपल्या रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते, म्हणून इथला आजार सौम्य असतो असे मानले जाई. विदर्भातल्या डॉक्टरांनी मात्र तीव्र त्रास असलेली मुले पाहिली आणि त्यांची नोंद केली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञांनी हायड्रॉक्सीयुरिया हे औषध कमी आणि ठरावीक मात्रेत दिले, तरी मुलांचे वेदनांचे झटके कमी होतात हे दाखवून दिले. गरीब देशांना हे ज्ञान फार मोलाचे आहे. म्हणजे नागपूरकडे जगाला शिकवण्यासारखेही काही आहे.

राहिला प्रश्न सोयींचा. विमानतळ, एम्स आणि जुनी वैद्यकीय महाविद्यालये शहरात आहेत. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशनही इथेच झाले.

परिषदेने काय होते?

“परिषदेवर खर्च करण्यापेक्षा तेवढी औषधे घ्या,” असे कोणी म्हणेल. आक्षेप चुकीचा नाही. पण एक उदाहरण पाहा. जुलै २००० मध्ये आंतरराष्ट्रीय एड्स परिषद प्रथमच एका विकसनशील देशात, दक्षिण आफ्रिकेतील डर्बनला भरली. उद्घाटनाला एन्कोसी जॉन्सन हा ११ वर्षांचा एचआयव्हीबाधित मुलगा बोलला. औषधे अस्तित्वात आहेत, पण ज्यांना हवीत त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, हे जगाला उघड दिसले. तेव्हा या औषधांचा वर्षाचा खर्च १० हजार डॉलरच्या घरात होता. काही महिन्यांतच, फेब्रुवारी २००१ मध्ये, आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच उपचारपद्धती वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. हे सारे एका परिषदेमुळे घडले असे मी म्हणणार नाही. पण रुग्ण सभागृहात बसलेला असला की चर्चेचा सूर बदलतो.

माझ्या तीन अटी

परिषद नागपुरात आली आणि पंचतारांकित हॉटेलातच अडकून पडली, तर काहीच साधणार नाही. म्हणून एक पूर्ण दिवस रुग्ण आणि पालकांसाठी असावा, कामकाज मराठी, हिंदी आणि गोंडीतून चालावे आणि त्यांचा प्रवासखर्च आयोजकांनी द्यावा. गावोगाव तपासणी करणाऱ्या आशाताईंना व्यासपीठावर जागा मिळावी. आणि परिषद फेब्रुवारीत घ्यावी. कडाक्याची थंडी आणि उन्हाळ्यात शरीरातले पाणी कमी होणे, या दोन्हींमुळे सिकलसेलच्या वेदना उसळतात. ज्यांच्यासाठी परिषद, त्यांनाच तिथे येऊन झटका येऊ नये!

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

परिषद होईल तेव्हा होईल. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे लक्ष्य आहे. तुमच्या भागात किंवा कुटुंबात हा आजार असेल, तर लग्नाआधी रक्त तपासून घ्या. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, त्यात लपवण्यासारखे काही नाही. आणि घरात रुग्ण असेल, तर भरपूर पाणी, वेळेवर लसी आणि डॉक्टरांनी सांगितलेली औषधे चुकवू नका. ताप आला तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि हो, हायड्रॉक्सीयुरिया तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळते का, ते विचारा. मिळत नसेल तर पुन्हा विचारा. जगाच्या परिषदेत पोहोचायला हवा तो प्रश्न तिथूनच निघतो.