स्टुडिओत मोरी कुठे आहे?

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला एक विषय हमखास दिला जातो : कलाकारांसाठी स्टुडिओ. आठ-दहा चित्रकार, शिल्पकार काही महिने येऊन राहतील, काम करतील, अशी वास्तू काढा. का देतात तेही कळतं. हॉस्पिटलसारखी नियमांची जंत्री नाही, शाळेसारखे वर्ग मोजायचे नाहीत. मुलांना हात मोकळा मिळतो. घोळ तिथेच सुरू होतो. बाहेरची परीक्षक म्हणून ज्युरीला बसते तेव्हा भिंतीवर टाचलेल्या शीट्सवर मला दरवर्षी साधारण तीच वास्तू भेटते. मधे अंगण, अंगणात चाफा, कडेला कॅफे, एक गॅलरी, समुद्राकडे तोंड केलेली सबंध काचेची भिंत आणि त्या काचेमागे इझलपुढे उभा एक पाठमोरा माणूस. रेंडर देखणा असतो. मुलांनी रात्री जागून काढलेला असतो, हेही डोळ्यांवरून दिसतं. मी विचारते, मोरी कुठे आहे?

‘टॉयलेट ब्लॉक इथे आहे, मॅम.’

टॉयलेट नको, मोरी दाखव. जिथे ब्रश धुतले जातात, मातीने भरलेली बादली ओतली जाते, प्लास्टरचे हात खळखळून धुता येतात ती जागा. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याखालीही घट्ट होतं. साध्या बेसिनमध्ये ते दोन-चारदा गेलं की पाइप तोडण्यावाचून इलाज नसतो. म्हणून शिल्पकाराच्या मोरीला आधी गाळ बसणारी एक टाकी लागते, आणि ती उपसायला माणूस वाकू शकेल एवढी जागा. एचिंग करणाऱ्याला नायट्रिक ॲसिडचा धूर बाहेर फेकणारा पंखा लागतो, छपाईचं यंत्र जड म्हणून ते तळमजल्यावर लागतं. सिरॅमिकवाल्याची विजेची भट्टी मोठी असेल तर थ्री फेजचं कनेक्शन लागतं. मोठा दगड हलवायचा तर छताला तुळई हवी आणि तिच्यावर चेन ब्लॉक. यातलं काहीच अवघड नाही. एका शिल्पकाराकडे एक दुपार बसलं तरी सगळं दिसतं. पण शीटवरच्या आठही स्टुडिओंचा प्लॅन एकच असतो, आरशात धरल्यासारखा उलटसुलट फिरवलेला.

काचेच्या भिंतीवर माझा खास राग आहे. चित्रकाराला सगळ्यात जास्त काय लागतं, तर कोरी भिंत. कॅनव्हास टेकवायला, अर्धवट काम लावून लांबून बघायला, आणि मागे सरकायला दहा-बारा फूट. समुद्र दिसणाऱ्या खोलीत माणूस समुद्र बघत बसेल. अहमदाबादेत बाळकृष्ण दोशींनी हुसेन यांच्यासाठी केलेली गुंफा 1995 मध्ये पुरी झाली. फेरोसिमेंटच्या त्या वळणदार वास्तूत चित्र टांगायला सरळ भिंतच नाही, म्हणून हुसेननी भिंतींवरच रंगवलं. ती गंमत त्या दोघांना शोभली. तिथे रोज सकाळी कुणाला कामाला बसायचं नव्हतं. त्याच आवारात दोशींचंच कनोरिया कला केंद्र आहे, 1984 चं. तिथे कलाकार खरंच काम करतात. मुलांची सहल मात्र गुंफेपाशीच जास्त रेंगाळते.

प्रकाशाबद्दल मुलं एक वाक्य पाठ करून येतात : ‘मॅम, नॉर्थ लाइट घेतलाय.’ घेतलेला असतो, पण कुणाकडून? ल कॉर्ब्युझिएनं 1922 मध्ये चित्रकार मित्र आमेदे ओझाँफाँसाठी पॅरिसमध्ये घर-स्टुडिओ आखला, त्यावर कारखान्यासारखं करवती छत ठेवलं. तो फोटो प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात असतो. (पुढे ते करवती छत काढून तिथे सपाट गच्ची झाली, हे शीटवर नसतं.) पॅरिस 49 अंश उत्तरेला. तिथे भर दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच, त्यामुळे दुपारी उत्तरेची काच निर्धास्त. आपण 19 अंशांवर आहोत. मेच्या मध्याला मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, वर्तमानपत्रांत फोटोही छापून येतात. तेव्हापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. शिवाय 21 मार्चनंतर थेट सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतो पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेकडे सरकून. म्हणजे एप्रिल-मेच्या सकाळी उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन सरळ कॅनव्हासवर येतं, आणि रंग कालवणाऱ्याला दर दहा मिनिटांनी तो रंग वेगळा दिसतो.

उपाय स्वस्त आहे. सहा फूट उंचीच्या उभ्या काचेला दुपारच्या त्या उन्हापुरता वीतभर छज्जाही पुरतो, कारण सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन अडवायला काचेच्या दोन्ही बाजूंना उभ्या पडद्या काढायच्या. गिरणगावातल्या विणकाम खात्यांवर असंच उत्तरेला काच असलेलं छत असे. तुटलेला धागा सावली न पडता दिसला पाहिजे, ही तिथली गरज. दुसऱ्या वर्षाच्या बांधकामाच्या विषयात नॉर्थ लाइट ट्रस मुलांनी काढलेलाही असतो. तिसऱ्या वर्षी तो पॅरिसहून आणावासा वाटतो.

आता कुणी म्हणेल, मोठे चित्रकार कुठे असल्या स्टुडिओत घडले? बरोबर आहे. मुंबईत वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई यांचा बंगला होता. पन्नास-साठच्या दशकांत तिथल्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये माधुरी देसाई यांनी कलाकारांना नाममात्र पैशांत जागा दिली. हुसेन, गायतोंडे तिथे काम करत, अल्काझींचं नाटक तिथे, रविशंकरांचं संगीत विद्यालय तिथे. कलाकारांसाठी म्हणून तो बंगला कुणी आखला नव्हता. चित्रकार, नट आणि वादक एका जिन्यावर भेटत होते आणि भाड्याची धास्ती नव्हती, एवढंच. पुढे तो बंगला गेला, तिथे टॉवर आला. गायतोंडेही नंतर दिल्लीत निजामुद्दीनच्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहून चित्रं करत राहिले. तेव्हा चांगल्या वास्तूमुळे चांगलं चित्र होतं, असला भाबडा दावा मी करणार नाही. वाईट वास्तू मात्र कामाचे तास खाते. मोठा कॅनव्हास घ्यायचा की नाही हे लिफ्टचं माप बघून ठरवणारे चित्रकार मुंबईत किती आहेत, विचारून बघा.

सगळ्यांत विसरली जाणारी गोष्ट म्हणजे साठवण. झालेलं काम जातं कुठे? सगळंच काही विकलं जात नाही. प्रोग्रॅममध्ये ‘स्टोअर’ नावाची सहा बाय आठची खोली जिन्याखाली कोंबलेली असते, खिडकी नसलेली. कोकणच्या पावसात तिथे कॅनव्हासवर बुरशी चढायला एक श्रावण बास झाला. कॅनव्हास उभे ठेवणाऱ्या कप्प्यांच्या मांडण्या, जमिनीपासून वीतभर उचललेल्या, आरपार वारा, आठ फूट उंचीचं दार. ही खोली आधी आखावी, मग अंगणातला चाफा. स्वयंपाकघर काढताना भांडी कुठे राहतील हे आपण विसरत नाही.

यंदाच्या एका प्रकल्पाची जागा अलिबागजवळ होती. तिथून थोड्याच अंतरावर सासवने. शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं (1891-1967) घर तिथे संग्रहालय म्हणून उघडं आहे. आवारातली सिमेंटची म्हैस बघून लहान मुलं थबकतात. ‘साइट व्हिजिट’ करून आलेल्या गटातलं कुणीही तिथे गेलं नव्हतं. ड्रोनने मात्र जागेचे चाळीस फोटो काढले होते.

खरे चालते स्टुडिओ बघायचे तर पेणला जावं. गणपतीच्या कारखान्यात कुणी कॉन्सेप्ट शीट केलेली नसते, तरी माणसाला हवी ती जागा हवी तिथे असते. माती भिजते मागे, पाण्याजवळ. साच्यातून निघालेल्या मूर्ती सुकतात उंच फळ्यांवर, वारा लागेल अशा. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर बसतो पुढे दाराशी, उजेड बाजूने येईल असा, आणि मूर्ती त्याच्यापुढे फिरवून ठेवली जाते. तो उठत नाही. रंगाचं गढूळ पाणी वेगळ्या पिंपात पडतं. या सगळ्याचा प्लॅन आणि सेक्शन काढला तर अर्धा स्टुडिओ मुलांच्या हातात येईल.

विषय देणाऱ्या प्राध्यापकांना म्हणून एक विनंती. प्रोग्रॅममधून कॅफे काढून टाका आणि पहिल्या आठवड्यात सॉफ्टवेअर उघडू देऊ नका. पनवेल-रोहा मार्गावर पेणच्या अलीकडे हमरापूर स्टेशन आहे. मुलांना मे-जूनमध्ये तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत पाठवा, आणि बरोबर मेझरिंग टेप द्या.