बैल पुरला, भरपाईही पुरली

लम्पीची साथ ओसरल्यानंतरची गोष्ट. हुबळीच्या कमरीपेठेत आमच्या परिचयाच्या एका घरी सीमेकडच्या खेड्यातले एक शेतकरी पाहुणे म्हणून उतरले होते. त्यांनी खिशातून चार घड्यांचा कानडी कागद काढला आणि "एवढं वाचून सांगा" म्हणाले. २०२२ च्या साथीत त्यांचा बैल दगावला होता. सरकारी पशुवैद्याने मृत जनावर पाहून दाखला दिल्यावरच भरपाई मिळेल, असे कागदात स्पष्ट छापले होते. पाहुण्यांनी बैल त्याच संध्याकाळी बांधाला खड्डा काढून पुरला होता!

त्या साथीत कर्नाटक सरकारने गायीला २० हजार, बैलाला ३० हजार आणि वासराला ५ हजार रुपये जाहीर केले होते. महाराष्ट्रात दुभत्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. रोग एकच, पण वासराची किंमत सीमा ओलांडताच तिपटीने बदलते. पूर किंवा चक्रीवादळात जनावर गेले तर हिशेब निराळा. केंद्राने २०२२ ते २०२६ साठी ठरविलेल्या आपत्ती निधीच्या दरांनुसार गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, वासराला २०,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये. तेही एका कुटुंबाला मोठी दुभती जनावरे तीनपर्यंतच. पैसा पुरेसा आहे काय, हा वाद करता येईल. पण आमच्या पाहुण्यांची गाडी त्या वादापर्यंत पोहोचलीच नाही. ती कागदाच्या भाषेतच अडली.

कागदावर 'चर्मगंटु रोग' असे लिहिलेले. गावात त्याला सारे लम्पीच म्हणतात. पुढे शब्द 'परिहार'. कानडीत त्याचा अर्थ भरपाई. आम्हांस परिहार म्हटले की श्रमपरिहाराचे जेवण आठवते. 'जानुवारु' तेवढे ऐकून कळण्यासारखे. पण लिपीच येत नसेल तर तेही कोण वाचणार?

कानडीशी आमचे भांडण नाही. अक्षरओळख नसलेला कानडी शेतकरीही याच कचेऱ्यांत हेलपाटे घालतो. मात्र त्याला कागद कोणी वाचून दाखवला तर समजतो. आमच्या माणसाला वाचून दाखवला तरी सांगणारा लागतो, आणि तोवर जनावर मातीआड झालेले असते.

घटनेच्या ३५० व्या कलमाने कोणाही नागरिकाला राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेतून गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे मराठी अर्ज केवळ भाषेमुळे परत करता येत नाही. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात, हेही कित्येक दशकांपूर्वी ठरले आहे. मराठी परिपत्रकांची मागणी म्हटली की ती पाट्यांच्या राजकारणात ढकलली जाते. येथे प्रश्न ३० हजारांच्या बैलाचा आहे.

परिपत्रक मराठीत येईल तेव्हा येवो. तोवर वाचकांनी एवढे करावे: जनावर दगावले की पुरण्याआधी पशुवैद्य आणि तलाठ्याला कळवावे, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक टिपावा, फोटो काढून ठेवावा. अर्ज मराठीत द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये. पाहुण्यांनी तो कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. गोठ्यात अजून एक बैल आहे, म्हणाले.