प्रोस्टेटचा कॅन्सर गोळीने टळतो का?

परवा साठीच्या घरातले एक गृहस्थ दवाखान्यात आले. पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टर, माझ्या वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. मला होऊ नये म्हणून वर्षभर या गोळ्या घेतोय. चालू ठेवू ना?" बाटलीवर लिहिलं होतं: व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम.

मी म्हटलं, "बंद करा."

याच दोन घटकांवर अमेरिकेत 2001 मध्ये 'सिलेक्ट' नावाची मोठी चाचणी सुरू झाली. 35 हजारांहून जास्त पुरुष त्यात होते. फायदा दिसेना म्हणून 2008 मध्ये गोळ्या थांबवल्या. पुढे 2011 मध्ये कळलं, की नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्के जास्त आढळला. सात वर्षांत दर हजारी 65 ऐवजी 76 जणांना. सेलेनियमचाही उपयोग झाला नाही. (दुसऱ्या कारणासाठी डॉक्टरांनीच व्हिटॅमिन दिलं असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.)

मला खरी काळजी वाटते ती गोळीमुळे मिळणाऱ्या खोट्या धीराची. वर्षभर नेमाने गोळी घेणाऱ्या या गृहस्थांनी पीएसए ही रक्ताची साधी तपासणी एकदाही केली नव्हती. खरं तर त्यांना तिची गरज इतरांपेक्षा जास्त होती. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार असेल, तर आपला धोका साधारण दुप्पट होतो.

मग धोका कमी करण्यासाठी आपल्या हातात काय आहे? वय आणि आनुवंशिकता तर नाहीच. तंबाखूचं धूम्रपान सोडणं आहे, कारण विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये या कॅन्सरने मृत्यू होण्याचं प्रमाण जास्त असतं. वजन आटोक्यात ठेवणं आहे, कारण लठ्ठपणाचा संबंध या आजाराच्या गंभीर प्रकारांशी आढळतो. रोज चाला, भाज्या-फळं खा. टोमॅटो जरूर खा, पण औषध म्हणून नको. तसा ठोस पुरावा नाही. हे सगळं हृदयासाठी आणि मधुमेहासाठीही चांगलंच आहे.

फिनास्टेराइड या औषधाने चाचणीत धोका सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाला होता. तरीही केवळ प्रतिबंधासाठी ते सर्रास दिलं जात नाही, कारण लैंगिक तक्रारींसारखे दुष्परिणाम होऊ शकतात. प्रोस्टेट वाढल्यामुळे तुम्ही हे किंवा ड्युटास्टेराइड घेत असाल, तर पीएसए करताना डॉक्टरांना आवर्जून सांगा. या औषधांनी पीएसएचा आकडा जवळजवळ निम्मा होतो आणि रिपोर्ट फसवा ठरू शकतो.

आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे: "मला लघवीचा काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?" रात्री वारंवार उठावं लागणं, धार बारीक होणं, हे बहुतेक वेळा वयानुसार वाढलेल्या प्रोस्टेटमुळे होतं. कॅन्सर मात्र सुरुवातीला काहीच बोलत नाही. कंबर किंवा हाडं दुखू लागल्यावर रुग्ण येतो, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

सगळ्यांनी डोळे झाकून पीएसए करावी, असंही माझं म्हणणं नाही. साध्या वाढीमुळे किंवा जंतुसंसर्गामुळेही आकडा वाढतो. काही कॅन्सर इतके संथ असतात, की त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवलं तरी पुरतं. म्हणून पन्नाशीनंतर, आणि घरात हा आजार असेल तर पंचेचाळिशीपासून, फायदे-तोटे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आज एवढंच करा: वडिलांना, काकांना, भावांना हा आजार झाला होता का, ते घरात विचारा. आपल्याकडे पुरुष या विषयावर बोलत नाहीत. वडील कशाने गेले, हे मुलांना नीट माहीत नसतं. ही माहिती फुकट मिळते, आणि त्या बाटलीपेक्षा ती जास्त उपयोगाची आहे.