पेल्यावरचे हिरवे पान

वसईच्या लग्नमांडवात आणि प्रथम ख्रिस्तशरीराच्या मेजवानीत अलीकडे जो कागदी पेला हाती येतो, त्याचा रंग मातकट असतो, त्यावर हिरवे पान छापलेले असते आणि खाली 'कंपोस्टेबल' अशी मोहोर असते. महाराष्ट्राने २०१८ साली आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. या मालाला तेव्हापासून बरे दिवस आले. तो घेणारा यजमान सज्जन असतो. चार पैसे अधिक मोजून सृष्टीची सेवा केली, असे त्याला वाटते. आमचा रोष त्याच्यावर नाही, ज्यांनी ते पान रेखाटले त्यांच्यावर आहे.

संस्कार हे कृपेचे दृश्य चिन्ह असून ते जे दर्शविते ते घडवितेही, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातील मूलही सांगेल. हे पान काय घडविते? पेल्याचे आतले अस्तर बहुधा पीएलएचे, म्हणजे मका वा ऊस यांच्या साखरेपासून केलेल्या प्लॅस्टिकचे असते. त्याचे खत होते, हे खोटे नव्हे. परंतु ज्या कसोटीवर हे ठरते, त्या आयएसओ १७०८८ मध्ये खत सुमारे ५८ अंश सेल्सिअसला राखलेले असते आणि ९० टक्के विघटनासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत असते. आपल्या वाडीत केळीच्या बुंध्याशी एवढी ऊब कोठून टिकणार? तेथे किंवा खाडीत ते अस्तर वर्षानुवर्षे राहू शकते. ही अट मात्र, छापलीच तर, बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत. पान तेवढे दर्शनी! याला आम्ही दिशाभूल म्हणतो.

कोणी म्हणेल, फादर, एका चित्रावरून एवढा वाद कशाला? कारण मांडव आवरणाऱ्या भगिनी चित्रच वाचतात. पान पाहून पेला ओल्या कचऱ्यात गेला किंवा रंग पाहून रद्दीत गेला, तर दोन्ही ढीग नासले. वेष्टनाचे रूप घडविणाऱ्याने आधी एवढेच सांगावे, की हे टाकायचे कोठे. ठळक मराठीत छापावे: 'घरच्या खड्ड्यात याचे खत होत नाही.' असे छापल्याने माल खपणार नसेल, तर तो न खपलेलाच बरा.

उसाच्या चिपाडाच्या ताटल्या त्यातल्या त्यात प्रामाणिक. त्या घरच्या खड्ड्यातही कुजतात. मात्र त्यांवर प्लॅस्टिकचा पापुद्रा नको, तेल झिरपू नये म्हणून वापरतात ती फ्लोरिनयुक्त रसायने नकोत आणि शाईही नको. खूण हवीच तर ती साच्यातच उठविता येते. (वधूवरांची नावे सोनेरी शाईत ताटलीवर छापण्याची हौस आम्हांला कधीच उमगलेली नाही. शेवटी त्यांवर हाडेच पडतात.)

'लाउदातो सी' या २०१५ सालच्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी प्लॅस्टिकबरोबर कागदाचाही वापर टाळण्यास सुचविले होते, याकडे आपण सोयीस्कर डोळेझाक करतो. केळीचे पान आपल्या वाडीत आहे. स्टीलची ताटे आणि पेले भाड्याने मिळतात. येत्या सणाच्या जेवणासाठी आम्ही तीच मागविणार आहोत. रविवारी दुपारी ती धुवायला किती हात पुढे येतात, ते पाहू.