बागेच्या राखणीत शेजाऱ्यांना घ्या

प्रति,
संचालक, भारतीय वनस्पती सर्वेक्षण, कोलकाता

महोदय,

२० मे २०२० च्या आमफान वादळात शिबपूरच्या वनस्पती उद्यानातली शेकडो झाडे उन्मळून पडली. त्याच रात्री हुगळी नदीच्या अलीकडच्या आमच्या खिदिरपूर-मेटियाब्रुजनेही वादळाचा मार खाल्ला. संकट दोन्ही काठांनी सोसले, मग बागेच्या राखणीचा हक्क तुमच्या एकाच कार्यालयाकडे का?

कर्नल रॉबर्ट किडने १७८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी ही बाग उभारली. जहाजांसाठी साग हवा होता, व्यापारासाठी मसाले. इथला महावटवृक्ष अडीचशे वर्षांचा. १८६४ आणि १८६७ च्या वादळांनी तो जायबंदी झाला, बुरशी लागली आणि १९२५ मध्ये मूळ खोडच काढावे लागले. आज पारंब्यांच्या आधारावर तो जवळपास १.९ हेक्टर व्यापून आहे. कोवळी पारंबी पोकळ बांबूतून जमिनीपर्यंत उतरवतात, तेव्हा कुठे तिचा खांब होतो. असे काम शिकलेले हात करतात आणि ते शिकायला वस्तीतली तरुण पोरे तयार होऊ शकतात.

लोकांवर जंगल सोपवायचे कसे, हे बंगालनेच देशाला दाखवले. मेदिनीपूरमधल्या आराबारीत १९७२ पासून ११ गावांतल्या ६१८ कुटुंबांनी १,२७२ हेक्टर सालवन राखले. मोबदल्यात रोजगार आणि उत्पन्नाचा २५ टक्के वाटा ठरला. उजाड रान पुन्हा उभे राहिले. १ जून १९९० च्या परिपत्रकाने केंद्राने संयुक्त वनव्यवस्थापनाला मान्यता दिली. २००२ च्या जैवविविधता कायद्यात कलम ३७ वारसास्थळांसाठी आहे, कलम ४१ स्थानिक समित्यांसाठी. पुण्यातली १८७३ ची गणेशखिंड बाग २०२० मध्ये जैवविविधता वारसास्थळ झाली.

धोरण आहे, कायदा आहे, घरचे उदाहरण आहे. १,२७२ हेक्टर गावकऱ्यांच्या भरवशावर राहू शकतात, तर १०९ हेक्टरांच्या बागेत शेजारी फक्त तिकीट काढून येणारा पाहुणा का? हुगळीचा काठ खचतो आहे, बागेतली तळी गाळाने भरत आहेत. हे रोज पाहणाऱ्यांना विचारायचे नाही, ही निव्वळ बेपर्वाई आहे.

खिदिरपूरकरांच्या मागण्या साध्या आहेत. दोन्ही काठांवरचे नावाडी, गोदी कामगार, शिक्षक आणि बागेतले माळी यांना मताधिकारासह जागा असलेली समिती नेमा. वस्तीतल्या तरुणांना पगारी प्रशिक्षण द्या. आमफानमध्ये काय गेले आणि त्या जागी काय लावले, याची झाडनिहाय यादी बंगाली, हिंदी आणि उर्दूत फाटकावर लावा. वारसास्थळाचा प्रस्ताव राज्य सरकारकडे पाठवा. लेखी उत्तर पावसाळ्याआधी हवे आहे.

खिदिरपूरचे रहिवासी